छाटणीचा वारसा : सिअ‍ॅटलच्या कुबोता उद्यानाचा इतिहास

एखादी मूर्ती, नाणे किंवा ताम्रपट जपायचा म्हणजे काय करायचे, हे आपल्याला साधारणपणे ठाऊक असते. वस्तू स्वच्छ करायची, कोरड्या जागी ठेवायची, हाताळणी कमी करायची आणि दाराला कुलूप लावायचे. चार वर्षांनी कुलूप उघडले तर थोडी धूळ बसलेली असेल, पण मूर्ती जागच्या जागी असेल. बागेचे मात्र तसे नाही. बागेला चार वर्षे कुलूप लावले, तर आत जे सापडेल ती बाग नसेल. झाडे जिवंत असतील, किंबहुना जोमाने वाढलेली असतील, पण बाग हरवलेली असेल.

हा फरक जपानी पद्धतीच्या बागेत सर्वांत ठळकपणे दिसतो. अशा बागेची कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नावाचे जे उद्यान आहे, ते जपानमधील ओकायामा शहरातील कोराकुएन या सुमारे तीनशे वर्षे जुन्या बागेच्या धर्तीवर रचलेले आहे. तेथे गेलेल्या शिक्षकांनी एक गोष्ट पाहिली असेल. फुलांचे ताटवे आणि सरळ रेषेतल्या वाटा यांच्याऐवजी तेथे पाणी, दगड, हिरवळीचे उंचवटे आणि वळणावळणाची वाट यांना महत्त्व आहे. मोठ्या निसर्गाचे छोटे रूप डोळ्यांसमोर उभे करायचे, हा या रचनेचा हेतू असतो. डोंगराची टेकडी होते, सरोवराचे तळे होते, आणि शंभर वर्षांचा वृक्ष वाटावा असे झाड माणसाच्या उंचीचे असते.

या लेखात आपण अशाच एका सार्वजनिक जपानी बागेचा इतिहास पाहणार आहोत. ती जपानमध्ये नाही. ती अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्यातील सिअ‍ॅटल शहरात आहे. एका स्थलांतरित कुटुंबाने ती निर्माण केली, एका सरकारी हुकुमामुळे ती ओस पडली, आणि पुढे शहरातील नागरिकांच्या आग्रहामुळे ती वाचली. परंतु त्या इतिहासाकडे वळण्याआधी थोडे वनस्पतिशास्त्र पाहू या. ते समजल्याशिवाय या इतिहासात नेमके काय पणाला लागले होते, हे ध्यानात यायचे नाही.

वाढ आणि तिला दिलेले वळण

जपानी बागेतले सर्वांत मानाचे झाड म्हणजे पाइन. त्याची पाने सुईसारखी असतात. वसंत ऋतूत फांद्यांच्या टोकांना उभ्या, फिकट रंगाच्या कोवळ्या कोंबांचे झुबके येतात. दिसायला ते मेणबत्त्यांसारखे असतात आणि माळी त्यांना तेच नाव देतात. हे कोंब तसेच वाढू दिले तर प्रत्येक कोंबाची लांब फांदी होते आणि झाड आकाशाकडे धावू लागते.

असे का होते? फांदीच्या टोकाशी ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते खालच्या दिशेने वाहते. त्याच्या प्रभावामुळे खालच्या कळ्या दबून राहतात. शेंड्याचे हे वर्चस्व मोडले, म्हणजे शेंडा खुडला, की खालच्या कळ्यांना वाव मिळतो. तुळस किंवा शेवंती दाट व्हावी म्हणून आपण शेंडे खुडतो, त्यामागचे कारण हेच आहे. जपानी माळी वसंतात पाइनचे कोंब हाताने खुडतात किंवा अर्धे मोडतात. या कामाला ते ‘मिदोरी-त्सुमी’ म्हणतात. शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत जुन्या सुया हाताने उपटून फांद्या विरळ करतात. हे काम म्हणजे ‘मोमिआगे’. विरळ केल्यामुळे आतल्या फांद्यांपर्यंत सूर्यप्रकाश पोहोचतो.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. छाटणी थांबली की बाहेरचा पर्णसंभार दाट होतो, आत अंधार पडतो, आतल्या सुया गळतात आणि फांद्या उघड्या पडतात. वड किंवा कडुनिंबाची जाड फांदी तोडली तरी त्या खोडावर पुन्हा धुमारे फुटतात. बहुतेक पाइनच्या बाबतीत हे घडत नाही. सुया नसलेल्या जुन्या लाकडावर नवे कोंब सहसा फुटत नाहीत. म्हणजे काही वर्षे हयगय झालेले पाइन मागाहून जोराने छाटून पूर्ववत करता येत नाही. पन्नास वर्षे घडवलेला आकार चारपाच वर्षांत कायमचा जाऊ शकतो.

बागेतल्या इतर घटकांचेही असेच आहे. मॉस या वनस्पतीला खरी मुळे नसतात. ती पाणी मुख्यतः पानांच्या पृष्ठभागातून शोषते. तिच्यावर गळालेल्या पानांचा थर साचला की ती झाकली जाऊन मरते, म्हणून पाने सतत झाडावी लागतात. तळ्यात पाने व माती साचत राहिली तर ते उथळ होते, पाने कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरला जातो आणि तळ्याची वाटचाल दलदलीकडे सुरू होते. थोडक्यात, बाग ही निसर्गाच्या ओढीविरुद्ध रोज थोडी थोडी सावरलेली स्थिती आहे. ती सावरणारे हात काढून घेतले की काय होते, याचा एक प्रयोगच जणू १९४२ साली अमेरिकेत घडला.

दलदलीतून उभी राहिलेली बाग

फुजितारो कुबोता यांचा जन्म १८७९ सालचा, जपानच्या शिकोकु बेटावरच्या कोची प्रांतातला. १९०७ साली ते अमेरिकेत आले. बागकामाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. काम करता करता ते शिकले आणि १९२३ साली त्यांनी सिअ‍ॅटलमध्ये बागा तयार करून देण्याचा व्यवसाय सुरू केला. १९२७ साली शहराच्या दक्षिणेकडील रेनिअर बीच भागात त्यांनी पाच एकर जमीन घेतली. झाडे तोडून नेल्यानंतर उरलेली ती पाणथळ, दलदलीची जागा होती.

ही जमीन त्यांना स्वतःच्या नावावर घेता आली नाही. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार आशियातून आलेल्या बहुतेक लोकांना नागरिकत्व मिळत नसे. १९२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा अर्ज फेटाळला, आणि १९२३ साली भगतसिंग थिंद या भारतीयाचाही. म्हणजे हा नियम आपल्या लोकांनाही लागू होता. त्यातच वॉशिंग्टन राज्याने १९२१ साली असा कायदा केला, की नागरिकत्वास अपात्र असलेल्या परदेशीयांना जमिनीची मालकी घेता येणार नाही. मतदारांनी हा कायदा १९६६ साली रद्द केला. कुबोतांनी जमीन घेतली ती एका मित्राच्या नावावर.

या जमिनीचे वैगुण्य हेच तिचे बलस्थान ठरले. मेप्स नावाचा ओढा तिच्यातून वाहत होता. सिअ‍ॅटलमध्ये वर्षाला सुमारे ९५० मिलिमीटर पाऊस पडतो, पण आपल्या उलट, म्हणजे मुख्यतः हिवाळ्यात आणि रिपरिप स्वरूपात. उन्हाळा कोरडा जातो. अशा ठिकाणी बारमाही ओढा ही मोठीच सोय. कुबोतांनी ओढ्याच्या पाण्यावर तळी केली, उतारांवर दगड बसवले, आणि जपानी रचनेत त्या प्रदेशातल्या स्थानिक वनस्पतींनाही जागा दिली. ही जागा एकाच वेळी कुटुंबाचे घर, व्यवसायाचे कार्यालय, रोपवाटिका आणि गिऱ्हाइकांना दाखवायचा नमुना होती. पुढे ती वाढत वाढत वीस एकरांची झाली.

चार वर्षांची कुलूपबंदी

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाचा हुकूम काढला. त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरे सोडायला लावून देशाच्या अंतर्भागातील छावण्यांत ठेवण्यात आले. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश लोक जन्माने अमेरिकेचे नागरिक होते. त्यांच्यावर कोणताही खटला चालला नव्हता.

कुबोता कुटुंबाची रवानगी आयडाहो राज्यातील मिनिडोका छावणीत झाली. कोरड्या, धुळीच्या पठारावर लाकडी बराकींच्या रांगा, भोवती तारेचे कुंपण आणि पहाऱ्याचे मनोरे, असे ते ठिकाण होते. तेथे नऊ हजारांहून अधिक माणसे राहत होती. त्या ठिकाणीही लोकांनी बागा केल्या. भोवताली मिळणारा काळा बेसॉल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा असतो त्याच जातीचा खडक, त्यांनी वापरला. छावणीच्या प्रवेशद्वाराजवळ फुजितारोंच्या आराखड्यानुसार एक बाग उभी राहिली. छावणीतील ज्या तरुणांनी अमेरिकेच्या सैन्यात नाव घातले होते, त्यांची नावे लिहिलेला मोठा फलक या बागेत होता. ज्या देशाने कुंपणात घातले, त्याच देशासाठी लढणाऱ्यांचा तो फलक. छावणी १९४५ साली बंद झाली. आज ते राष्ट्रीय स्मारक आहे आणि कुबोतांच्या बागेची जागा त्याचा एक भाग आहे.

इकडे सिअ‍ॅटलची बाग चार वर्षे ओस पडली होती. खुडणारे, झाडणारे, गाळ काढणारे हात हजार किलोमीटरच्या आसपास अंतरावर तारेच्या कुंपणाआड होते. रोपवाटिकेतील रोपे विकली न जाता जागीच राहिली, की चार वर्षांत ती हलवता न येण्याजोगी होतात, हे कोणीही माळी सांगेल. युद्धानंतर कुटुंब परतले तेव्हा फुजितारो पासष्टी ओलांडलेले होते. टॅक आणि टॉम या मुलांच्या मदतीने त्यांनी व्यवसाय आणि बाग दोन्ही पुन्हा उभी केली. १९६० नंतरच्या वर्षांत, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी बागेतील सर्वांत धाडसी रचना केली. शेकडो टन दगड वापरून डोंगरउतार, धबधबे आणि तळी यांची एक साखळी त्यांनी तयार केली. १९७२ साली जपान सरकारने त्यांचा सन्मान केला आणि १९७३ साली, ९४ व्या वर्षी, ते वारले. ही बाग एक दिवस सर्वांसाठी खुली व्हावी, अशी त्यांची इच्छा होती.

कायदा, मालकी आणि पाणी

बाग घडवणारा माणूस गेल्यावर जे सर्वत्र होते, तेच येथेही होऊ पाहत होते. शहर वाढत होते, जमिनीचे मोल वाढत होते, आणि वीस एकरांच्या त्या जागेवर सदनिका बांधण्याचा विचार पुढे आला. याच वेळी परिसरातील नागरिकांच्या गटांनी शहराच्या वारसा मंडळाकडे धाव घेतली. त्यांच्या आग्रहाचा परिणाम म्हणून १९८१ साली बागेच्या मध्यवर्ती साडेचार एकर भागाला सिअ‍ॅटल शहराचे ऐतिहासिक वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली.

येथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. वारसास्थळ जाहीर झाल्याने नेमके काय होते? तेथील रचना परवानगीशिवाय मोडता येत नाही. पण कायदा पाइनचे कोंब खुडत नाही आणि तळ्यातला गाळ काढत नाही. इमारतीच्या बाबतीत ‘पाडू नका’ एवढे म्हणणे बरेच काम करून जाते, बागेच्या बाबतीत ते अपुरे पडते. शिवाय मान्यता साडेचार एकरांना होती आणि बाग वीस एकरांची. उरलेल्या भागावर इमारती झाल्या असत्या, तर मधला तुकडा भिंतींनी वेढला गेला असता.

दुसरे पाऊल १९८७ साली पडले. सिअ‍ॅटल शहराने कुबोता कुटुंबाकडून ही बाग विकत घेतली आणि ती सार्वजनिक उद्यान झाली. तेथे प्रवेशशुल्क नाही. बागेला लागून असलेली ओढ्याकाठची जमीनही नैसर्गिक क्षेत्र म्हणून राखण्यात आली. या निर्णयामागचे कारण भूगोलाच्या शिक्षकांना लगेच उमगेल. ओढ्याच्या वरच्या बाजूला रस्ते, छपरे आणि वाहनतळ झाले, की पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही. ते एकदम ओढ्यात येते, काठ खरवडते आणि सोबत आणलेली माती जेथे प्रवाह मंदावतो तेथे, म्हणजे बागेच्या तळ्यात, टाकते. उन्हाळ्यात मात्र मुरलेले पाणीच नसल्याने ओढा रोडावतो. तेव्हा तळे जपायचे असेल, तर कुंपणाबाहेरचा उतारही जपावा लागतो.

तिसरे पाऊल हे हातांचे. १९९० च्या सुमारास कुबोता गार्डन फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. शहराच्या उद्यान विभागाचे माळी आणि या संस्थेचे स्वयंसेवक मिळून बागेची देखभाल करतात. संस्था रोपांची विक्री करून आणि देणग्या गोळा करून पैसा उभा करते आणि येणाऱ्यांना बाग समजावून सांगते. स्वयंसेवकांना तण काढणे, पाने झाडणे अशी वरवर क्षुल्लक वाटणारी पुष्कळ कामे असतात. त्या प्रदेशातील एक चिवट तण ‘हिमालयन ब्लॅकबेरी’ या नावाने ओळखले जाते. त्याचे मूळ हिमालयात नसून आर्मेनियाच्या बाजूला आहे. १८८५ साली ल्यूथर बरबँक यांनी भारतातून मिळालेल्या बियांपासून ते अमेरिकेत आणले आणि गैरसमजातून ते नाव दिले. जमिनीला टेकलेल्या त्याच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला मुळे फुटतात. एक मोसम दुर्लक्ष झाले तर काटेरी जाळे तयार होते. अशा तणाशी लढायला मोठी रक्कम एकदा देऊन भागत नाही, थोडी थोडी माणसे वर्षानुवर्षे यावी लागतात.

आणखी दोन बागा

कुबोता उद्यानाची कथा एकटी नाही. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे १९१७-१८ साली दगडाच्या एका जुन्या, सोडून दिलेल्या खाणीत जपानी धर्तीची बाग करण्यात आली. खणायचे काम तुरुंगातील कैद्यांनी केले आणि तळ्यासाठी कंद रहिवाशांनी आणून दिले. १९२६ पासून जिंगू हे जपानी कुटुंब बागेत राहून तिची निगा राखीत होते आणि तेथे चहापानगृह चालवीत होते. १९४२ साली त्या कुटुंबाला तेथून काढण्यात आले आणि बागेचे नावही बदलून ‘चिनी’ करण्यात आले. मूळ नाव परत मिळायला १९८४ साल उजाडले. त्या समारंभाला जिंगू कुटुंबातील मुले उपस्थित होती. पुढे बागेची दुर्दशा झाली, तेव्हा नागरिकांच्या पुढाकाराने निधी उभा राहिला आणि दुरुस्तीनंतर २००८ साली ती पुन्हा खुली झाली.

दुसरे उदाहरण ओकायामाच्या कोराकुएनचेच, म्हणजे पुण्याच्या उद्यानाला जिच्यावरून स्फूर्ती मिळाली त्या बागेचे. स्थानिक सरदाराने १७०० साली पुरी केलेली ही बाग १८८४ साली प्रांताच्या ताब्यात येऊन लोकांसाठी खुली झाली. १९३४ च्या पुरात तिचे मोठे नुकसान झाले आणि जून १९४५ मधील बाँबवर्षावात तेथील इमारती जळाल्या. तरीही ती पुन्हा पूर्वीसारखी उभी करता आली, कारण सरदारांच्या काळातील बागेची चित्रे आणि नोंदी शिल्लक होत्या. कोणती वास्तू कोठे होती, पाणी कोठून कोठे जात होते, हे कागदावर होते.

तिन्ही बागांचा इतिहास एकत्र ठेवला तर एक गोष्ट आम्हाला स्पष्ट दिसते. बाग टिकायला तीन गोष्टी लागतात. जागेला संरक्षण देणारा कायदा किंवा सार्वजनिक मालकी, बाग कशी होती हे सांगणाऱ्या नोंदी, आणि रोजचे काम जाणणारी माणसे. पहिल्या दोन गोष्टी गेल्या तर कष्टाने परत मिळवता येतात. तिसरी तुटली तर पुन्हा जोडणे सर्वांत अवघड, कारण कोणता कोंब खुडायचा आणि कोणता ठेवायचा हे ज्ञान हातातून हातात जाते. त्याचे पुस्तक वाचता येते, पण सराव झाडाजवळ उभे राहूनच करावा लागतो. १९४२ च्या हुकुमाने माणसे हलवली तेव्हा बागेतून हे ज्ञानही हलवले गेले. १९८८ साली अमेरिकेने कायदा करून या अन्यायाबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक पीडिताला २०,००० डॉलर देऊ केले. गेलेली वर्षे मात्र त्यामुळे परत आली नाहीत. सिअ‍ॅटलची बाग आज दिसते, ती एका कुटुंबाने परत येऊन पुन्हा हात घातला आणि त्यांच्यानंतर शेजाऱ्यांनी तो हात पुढे चालू ठेवला म्हणून.

शाळेत हा विषय शिकवायचा तर जपानला किंवा सिअ‍ॅटलला जाण्याची गरज नाही. आपल्या गावातील एखादे सार्वजनिक उद्यान, देवळामागची झाडी किंवा शाळेची स्वतःची बाग घ्यावी. विद्यार्थ्यांनी काही प्रश्नांची उत्तरे शोधावीत. ही जमीन कोणाच्या नावावर आहे? पाणी कोठून येते आणि वरच्या उतारावर काय बांधले गेले आहे? पन्नास वर्षांपूर्वी येथे काय होते, हे सांगणारे छायाचित्र, नकाशा किंवा वृद्ध माणूस गावात आहे का? येथील झाडे कोण छाटतो, तो हे कोणाकडून शिकला, आणि त्याच्याकडून आज कोण शिकत आहे? वर्गातील दोनचार मुलांनी एखादा चौरस मीटर तुकडा आखून तो वर्षभर मुळीच न साफ करता ठेवावा आणि शेजारच्या साफ केलेल्या तुकड्याशी त्याची तुलना करून दर महिन्याला नोंद करावी. कोणती वनस्पती आधी आली, कोणती नंतर, कोणती दिसेनाशी झाली, हे त्यातून कळेल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर, म्हणजे आज कोण शिकत आहे याचे उत्तर, जर ‘कोणीच नाही’ असे आले, तर त्या माळीकाकांना एक दिवस वर्गात बोलावून किंवा वर्गच त्यांच्याकडे नेऊन सुरुवात करता येईल.